दंड स्वस्त, विमा महाग?

परवा मिरजेहून भाच्याचा फोन आला. वय २२. पहिली नोकरी लागून आठ महिने झालेत आणि पहिली गाडी दारात येऊन आठ दिवस. गाडी म्हणजे २०१४ सालची, ७९६ सीसीची अल्टो. दोघांच्या हातून फिरून याच्याकडे आलेली.

"मामू, गाडीचा विमा संपलाय. एजंट सगळा मिळून साडेसात हजार सांगतोय. नुसता थर्ड पार्टी काढला तरी अडीच हजार. आणि पोलिसांनी पकडलं तर दंड दोन हजार. मग दंडच परवडतो की नाही?"

मी काही बोलायच्या आत त्याने दुसरा मुद्दा काढला. "आणि तसंही मौलाना म्हणतात, विमा जायज नाही."

हिशेब आणि दीन, दोन्ही त्याच्या बाजूने. मला हसू आलं. पण फोन ठेवल्यावर हसू टिकलं नाही, कारण त्याचा हिशेब आकड्यांपुरता बरोबर होता.

जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीच्या थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता २,०९४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की २,४७१. विम्याविना गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर मोटार वाहन कायद्यातला दंड २,००० रुपये. तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे, पण ती कुणी भोगल्याचं पोरांच्या ऐकिवात नाही. दुसऱ्यांदा सापडलात तर ४,०००. पण वर्षभरात सापडलोच नाही तर शून्य! बावीस वर्षांच्या पोराला हे गणित कुणी शिकवावं लागत नाही. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीच्या २०२४ च्या अहवालात देशातली निम्म्याहून अधिक वाहनं विम्याविना असल्याची नोंद आहे. म्हणजे हे गणित एकट्या माझ्या भाच्याचं नाही.

चूक आकड्यांत नाही, ते मांडण्यात आहे. आपण थर्ड पार्टी विम्याकडे पोलिसाला दाखवायचा कागद म्हणून पाहतो, म्हणून त्याची तुलना दंडाशी करतो. त्याची तुलना करायची ती वेगळ्याच रकमेशी.

समजा, २४ वर्षांचा एक मजूर आहे. महिन्याला १५ हजार कमावतो, घरी बायको आणि दोन मुलं. तो तुमच्या गाडीखाली आला आणि चूक तुमची ठरली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी काढतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी ठरवून दिलंय. वर्षाची कमाई १ लाख ८० हजार. पुढे ती वाढली असती म्हणून ४० टक्के जास्त धरायचे, झाले २ लाख ५२ हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, उरले १ लाख ६८ हजार. त्या वयासाठीचा गुणक १८. एकूण ३० लाख २४ हजार, आणि बाकीच्या किरकोळ बाबी वेगळ्या. विमा असेल तर ही रक्कम कंपनी भरते. माणसाच्या मृत्यूच्या किंवा जखमेच्या भरपाईला या विम्यात वरची मर्यादा नाही. विमा नसेल तर मालकाने भरायची. नाही भरली तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. मग घर कुणाचं जाणार? भाच्याच्या अब्बांचं.

आणि वसूल करण्यासारखं काहीच नसेल, तर त्या विधवेच्या हातात निकालाचा कागद राहतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात हातगाडीवर केळी विकणाऱ्या एका चाचांना मोटारीने उडवलं. पाय गेला. गाडी चालवणारा पोरगा मोहल्ल्यातलाच, गाडीला विमा नाही. पोलिसांत जाण्याआधी चार-पाच बुजुर्ग मशिदीच्या ओट्यावर बसले आणि समझोता झाला. पोराच्या अम्मीने बांगड्या मोडल्या, चाचांना ४० हजार मिळाले. इस्पितळाचं बिलही त्यात भागलं नाही. हातगाडी बंद झाली. "आपसात मिटलं, अल्हम्दुलिल्लाह" म्हणून सगळे उठले. त्या बैठकीत मीही होतो आणि गप्प होतो. त्या गाडीचा वेळेत विमा काढला असता तर चाचांना लाखांत भरपाई मिळाली असती आणि त्या बाईच्या हातात बांगड्या राहिल्या असत्या, हे मला त्या दिवशी कळत नव्हतं असं नाही. पण बोललो नाही.

आता मौलानांच्या मुद्द्याकडे येऊ. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८५ मध्ये जेद्दाला ठराव केला: ठरलेल्या हप्त्याच्या व्यापारी विम्यात मोठा गरर, म्हणजे अनिश्चिततेचा सौदा आहे, म्हणून तो निषिद्ध, परस्पर सहकार्यावर चालणारा विमा मात्र जायज. सुदानमध्ये १९७९ सालीच तकाफुल कंपनी निघाली होती. पण मिरजेतल्या गाडीवाल्याला तकाफुलचा पर्याय कुठे आहे? आणि कायद्याने जो विमा सक्तीचा आहे, तो मजबुरी म्हणून काढायला हरकत नाही, असं म्हणणारे उलेमा कमी नाहीत.

मला त्यापुढचं सांगायचंय. सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येसाठीही मृताच्या घरच्यांना दियत द्यायला सांगितलंय. हेतू नव्हता म्हणून जबाबदारी संपत नाही. पण एकट्या गरीब माणसाने एवढी रक्कम आणायची कुठून? त्यासाठी 'आकिला'ची रीत होती: चुकून झालेल्या हत्येची दियत कबिल्याने मिळून भरायची. मीसाक-ए-मदीनामध्येही प्रत्येक कबिल्याने आपली दियत एकत्र भरण्याची तरतूद आहे. सीरियाचे फकीह मुस्तफा झरका यांनी विसाव्या शतकात याच आकिलाचा दाखला देऊन विम्याची बाजू मांडली. सगळ्यांनी ती मानली नाही. पण थर्ड पार्टी विम्याचा गाभा मला तरी हाच दिसतो. आज आपल्यामागे कबिला नाही. गाडी चालवणाऱ्यांनी थोडं थोडं जमा करायचं आणि ज्याच्या हातून चूक होईल त्याची दियत त्यातून भरायची, एवढंच उरलंय.

भाच्याला मी एकच विचारलं, "गाडीसाठी पतसंस्थेचं व्याजी कर्ज काढताना मौलानांना विचारलं होतंस का?" पलीकडून उत्तर आलं नाही. दीनची आठवण फक्त पैसे वाचवताना होत असेल, तर तो तक्वा नव्हे.

पैशाची अडचण मात्र खरी आहे, आणि ती नसल्यासारखं बोलणं मला पटत नाही. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला नो क्लेम बोनस शून्य असतो. ती सवलत गाडीची नसून मालकाची असते, त्यामुळे जुन्या मालकाची तुम्हाला मिळत नाही. वर्षभर दावा केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षी २० टक्के सूट मिळते आणि ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून किरकोळ ओरखड्यांसाठी दावा करू नये. गाडी अजून घ्यायची असेल तर १००० सीसीच्या आतली बघावी. त्याच्या वर १५०० सीसीपर्यंत थर्ड पार्टीचाच हप्ता ३,४१६ होतो. जुनी गाडी चालू विम्यासह घेतली असेल तर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यावा.

आणि काटकसर करायचीच तर स्वतःच्या पत्र्यावर करावी. दहा वर्षं उलटलेल्या अल्टोचा दरवाजा चेपला तर पेटीवाल्याकडे ठोकून घेता येतो. साडेसात हजारांतला मोठा भाग त्या पत्र्याचा आहे, तो सोडता येईल. २,४७१ रुपये परक्या माणसाच्या जिवाचे आहेत, ते सोडता येणार नाहीत. महिन्याला २०६ रुपये पडतात. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्याचे थोडे वेगळे, तेही भरावेत, कारण भाच्यामागेही त्याची अम्मी आहे.

सरकारलाही एक सांगायचंय. वर्षाच्या हप्त्यापेक्षा कमी दंड ठेवून लोक विमा काढतील अशी अपेक्षा करू नये. आणि गरिबाच्या जुन्या गाडीसाठी हा हप्ता महिन्या-महिन्याला भरायची सोय व्हावी.

आपल्या जमातींनाही. अपघातानंतर चंदा गोळा करायला आपण लगेच उभे राहतो. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर किती गाड्या उभ्या असतात! त्यांच्या मालकांना कधीतरी एवढंच विचारावं, "विम्याची तारीख बघितलीत का?" एखाद्याला खरंच जमत नसेल तर बैतुलमालमधून २,४७१ रुपये उसने देता येतील. नंतर गोळा कराव्या लागणाऱ्या चंद्यापेक्षा ते कितीतरी कमी आहेत.

भाच्याने विमा काढला. खुशीने नाही, "मामूंनी डोकं खाल्लं" असं बहिणीला सांगितलं म्हणे. तोवर चावी मी तिच्याकडेच ठेवायला सांगितली होती.