उंची मोजून खेळाडू निवडावा काय?

कुवेतमधील फिंतास येथे राहणाऱ्या आमच्या एका आप्तांनी कळविले आहे की, त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाला फुटबॉलच्या संघातून वगळले. कारण काय, तर अंगाने लहान! त्याच्या पायातून चेंडू सहजी काढता येत नाही, हे मात्र वगळणारेही मान्य करतात.

याच कुवेतने 1980 साली दक्षिण कोरियाला 3-0 हरवून आशियाई चषक जिंकला, आणि 1982 च्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाला 1-1 असे रोखले. बरोबरीचा गोल फैसल अल-दाखिल याचा. झगालो व त्यांच्यामागून परेरा या ब्राझिली प्रशिक्षकांनी तो संघ घडविला होता. पुढे 1986 चा विश्वचषक गाजविणारा मॅराडोना तर जेमतेम 165 सेंटिमीटर उंचीचा!

आम्ही वर्गात रोज पाहतो. जानेवारीत व डिसेंबरात जन्मलेली मुले एकाच बाकावर बसतात. कोणी बाराव्या वर्षी उंच होऊ लागतो, कोणी पंधराव्या. धिप्पाड मुलगा धक्क्याने चेंडू नेतो, म्हणून त्याला कौशल्य कोणी शिकवीत नाही. पुढे सारे सारख्या उंचीचे झाले की तोच मागे पडतो. लहानग्याला तर मैदानच मिळत नाही.

गोलरक्षकाला उंची हवी, हे आम्हांस मान्य आहे. इंग्लंडमधील काही क्लब आता मुलांना कधी कधी वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून खेळवितात. फिंतासला काय किंवा आपल्या मॉरिशसमध्ये काय, एवढे जमत नसेल तर वगळलेल्या मुलांना सहा महिन्यांनी पुन्हा मैदानावर बोलवावे. त्याला पैसा लागत नाही.