हातची भेट आणि कातून घेतलेले सूत

बारशाला घरी शिवलेले दुपटे नेले की ‘चिंध्यांचे कसले देणे?’ म्हणून नाक मुरडणारे स्वतःला सुशिक्षित म्हणवतात. वापरून मऊ झालेले सुती लुगडे, त्यावर बारीक धावदोरा. तान्ह्याच्या अंगाला याहून मऊ काय, ते त्यांनी सांगावे! न्हाणीच्या सांडपाण्यावरचे अळू शेजारी द्यायलाही आता लाज वाटते.

‘वेळ नाही’ ही सबब जुनीच. १९२४ साली याच बेळगावात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसच्या सभासदाने दरमहा २००० यार्ड सूत द्यावे असे ठरले. स्वतः कातायचे नसेल तर दुसऱ्याचे चालेल, अशी पळवाटही होती. १९२५ मध्ये ती अटही सैल झाली. आपल्या दिवाळीच्या भेटी अजून त्याच पळवाटेने येतात.

आपण वाकळ म्हणतो, कन्नड शेजारीण कौदी, टाका एकच. भाषेसाठी तावातावाने भांडणाऱ्यांच्या घरी मुलांच्या हाती सुई-खुरपे नसेल, तर धावदोरा, वाफा, आळे हे शब्द कोशातच उरतील. तेव्हा यंदा मिठाईचा खोका नको. मुलाने, होय, मुलग्यानेच, शिवलेली पिशवी आणि तीत परसातला घेवडा पाठवा.