संशोधन-निधीचा अनुशेष

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग नळदुर्ग मागे टाकून जळकोटला येतो आणि पुढे उमरग्याकडे निघून जातो. या रस्त्याने आजवर किती अभ्यासक आले नि गेले! ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने किल्लारी-सास्तूर परिसरातील गावे भुईसपाट झाली, तेव्हा भूगर्भाचा, घरबांधणीचा आणि पुनर्वसनाचा अभ्यास करणारी माणसे देशाच्या कानाकोपऱ्यांतून या भागात उतरली. दुष्काळ पडला की पाहणी पथके येतात. उस्मानाबादी शेळीपासून आटलेल्या विहिरींपर्यंत इथले सारे काही कुणाच्या ना कुणाच्या अभ्यासाचा विषय झाले आहे. अभ्यासाचा कर्ता होण्याची संधी मात्र या मुलखाला क्वचितच लाभली. प्रश्न जळकोटचे, उत्तरे देणारी माणसेही जळकोटची. परंतु प्रश्नावली परगावी तयार होते आणि अहवालही परगावीच राहतो.

याचे कारण बुद्धीचा दुष्काळ हे खचितच नव्हे. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा येथील महाविद्यालयांत शिकवणाऱ्या तरुण अध्यापकांपैकी अनेकजण शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या घरांतून आलेले आहेत. सोयाबीनचे पीक हातचे गेले म्हणजे घरात काय घडते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. अडते ते निराळ्याच ठिकाणी. संशोधनासाठी निधी मागायचा तर बहुधा इंग्रजीत प्रस्ताव लिहावा लागतो. प्रश्नाची मांडणी, पूर्वीच्या अभ्यासाचा आढावा, पद्धती, वेळापत्रक आणि पैन्‌पैचे अंदाजपत्रक त्यात बसवावे लागते. निधी मंजूर झाला तरी काम संपत नाही. दरपत्रके, साठा नोंदवही, लेखापरीक्षण, ३१ मार्चची टांगती तलवार आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र! एखादे प्रमाणपत्र रखडले की पुढचा हप्ता अडतो आणि प्रकल्पावरच्या साहाय्यकाचे मानधन थांबते. मोठ्या संस्थांत या कामासाठी स्वतंत्र कचेऱ्या आणि जाणकार कर्मचारी असतात. लहान महाविद्यालयात मात्र तोच अध्यापक तास घेतो, उत्तरपत्रिका तपासतो आणि रात्री बसून पावत्याही जुळवतो.

ही विद्या आजवर वशिल्याने आणि सहवासाने मिळत आली. ज्याचा मार्गदर्शक नामवंत संस्थेत, त्याला मंजूर झालेला प्रस्ताव डोळ्यांनी पाहायला मिळतो. इतरांनी अंधारात चाचपडत राहायचे. म्हणून संशोधकांना निधी मागण्याचे आणि सांभाळण्याचे पद्धतशीर शिक्षण द्यावे, ही मागणी मूलतः समतेची मागणी आहे. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांच्या संयुक्त संस्थेने २०१८ साली ‘इंडिया रिसर्च मॅनेजमेंट इनिशिएटिव्ह’ सुरू केला. संशोधनाचे व्यवस्थापन हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्यासाठी माणसे तयार करावी लागतात, याची ती कबुलीच होती. त्या संस्थेचे कार्यालय हैदराबादेत, म्हणजे जळकोटवरून जाणाऱ्या याच रस्त्यावर. पण रस्ता एक असला तरी जळकोटचा थांबा अशा उपक्रमांच्या नकाशावर नसतो.

यावर चळवळीतील काही जुने कार्यकर्ते एक आक्षेप घेतात, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. विद्वानांना देणगीदारांच्या दारात उभे राहायला शिकवणे म्हणजे विद्येची गुलामी, असे त्यांना वाटते. पैसा ज्याचा, निष्कर्षही त्याचा, ही भीती निराधार नाही. तथापि इतिहास थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला, तो फोर्ड फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने. पैसा अमेरिकेतून आला. उत्तर मात्र पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञांचे होते. ग्रामीण गरिबांसाठी सार्वजनिक कामे काढा, हा त्यांचा आग्रह कोणा देणगीदाराच्या सोयीचा म्हणून आलेला नव्हता. ज्याच्या पाठीशी भक्कम संस्था आहे आणि अटींचा करार वाचण्याची ज्याची तयारी आहे, तो बाहेरचा पैसा घेऊनही ताठ उभा राहू शकतो. करारातील बारीक अक्षरे ज्याला वाचता येत नाहीत, तोच आधी वाकतो. म्हणजे आक्षेपात सांगितलेल्या धोक्यावरचा एक उपायही शिक्षण हाच आहे.

परंतु इथेच थांबले तर फसगत होईल. निधीचा ओघच आटवायचा आणि मग ‘तुम्हाला अर्ज लिहिता येत नाही’ म्हणून प्रशिक्षण शिबिरे भरवायची, ही सरकारी चतुराई ओळखली पाहिजे. लहान महाविद्यालयांतील अध्यापकांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पुण्यातील विभागीय कार्यालयामार्फत लघु संशोधन प्रकल्प मिळत असत. रक्कम बेताची, पण खेड्यातल्या अध्यापकाच्या आवाक्यातली. २०१७ साली बारावी पंचवार्षिक योजना संपली आणि तीबरोबर ती वाटही बुजली. २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ अस्तित्वात आले. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याची घोषणा झाली. त्यांतील सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि दानशूरांकडून यावयाचे आहेत. २०२०-२१ साली देशाने संशोधन व विकासावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या केवळ ०.६४ टक्के खर्च केला. तिजोरीचा हात असा आखडता राहिला, तर जळकोटच्या कोरडवाहू शेतीचा प्रश्न कोणता उद्योगपती विकत घेणार?

परक्या पैशावर सारे घर उभारले म्हणजे काय होते, याचा दाखला जळकोटच्या तालुक्याच्या गावीच मिळाला. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे. जून २०२४ च्या अखेरीस या संस्थेने चार परिसरांतील ५५ अध्यापकांना आणि सुमारे ६० शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीची पत्रे दिली. त्यांतील सहा अध्यापक तुळजापूरचे होते. ज्या टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून त्यांचे पगार होत, त्या अनुदानाला मुदतवाढ मिळालेली नव्हती. ट्रस्टने पैसे देण्याचे मान्य केल्यावर दोनच दिवसांत पत्रे मागे घेण्यात आली. पण त्या दोन दिवसांनी जो धडा दिला, तो कोणत्याही शिबिरातील व्याख्यानाहून मोठा होता. कितीही उत्तम प्रस्ताव लिहिता आला, तरी अनुदानाची मुदत संपते. माणसाच्या पोटाला मुदत नसते. तेव्हा पगार आणि पाया सार्वजनिक पैशातून, बाहेरचा निधी केवळ वाढीव कामासाठी, ही रेषा चळवळीने ठामपणे आखली पाहिजे.

मग मागणी नेमकी कोणती? डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र २००४ पासून धाराशिवला आहे. तेथे पगारी, कायम कर्मचाऱ्यांचा संशोधन साहाय्य कक्ष असावा. जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या अध्यापकाला त्याने प्रस्ताव लिहिण्यास, अंदाजपत्रक करण्यास आणि हिशेब ठेवण्यास विनामूल्य मदत करावी. मंजूर आणि नामंजूर असे दोन्ही प्रकारचे प्रस्ताव, लेखकांच्या संमतीने, सर्वांना वाचायला खुले असावेत. जो निधी नाकारावा, तो कोणत्या अटींमुळे, हेही शिकवले जावे. प्रकल्प साहाय्यकाचे मानधन वेळेवर देणे हा हिशेबाचा पहिला नियम मानला जावा. आणि ज्या गावातून माहिती घेतली, त्या गावच्या ग्रामसभेत अहवाल मराठीतून वाचून दाखवणे व खर्चाचा ताळेबंद फळ्यावर लावणे बंधनकारक व्हावे. उपयोगिता प्रमाणपत्र दिल्लीला जातेच. त्याची एक प्रत जळकोटच्या ग्रामपंचायतीतही यायला काय हरकत आहे? या सर्वांबरोबर लहान महाविद्यालयांसाठी राखीव, स्पर्धेच्या रेट्यापासून संरक्षित असा शासकीय निधी हवाच. नाहीतर विहीर कोरडी ठेवून पोहण्याचे वर्ग चालवल्यासारखे होईल.

हे काम केवळ प्राध्यापक संघटनांवर सोपवून भागणार नाही. विद्यापीठाच्या अधिसभेत जे पुरोगामी सदस्य निवडून जातात, त्यांनी अंदाजपत्रकाच्या वेळी या कक्षाचा प्रश्न उभा केला पाहिजे. गावपातळीवरच्या कार्यकर्त्याने, प्रश्नावली घेऊन दारात आलेल्या प्रत्येक अभ्यासकाला विचारले पाहिजे: पैसा कुणाचा, आणि अहवाल आम्हाला केव्हा वाचायला मिळणार?

१९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने मराठवाड्याचा अनुशेष मोजला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांची तूट त्यामुळे रुपयांत मांडली गेली आणि ‘अनुशेष’ हा शब्द इथल्या जनतेच्या लढ्याचे हत्यार झाला. स्वतःच्या दुःखाचा स्वतः अभ्यास करण्याच्या साधनांचा अनुशेष अद्याप कुणी मोजलेला नाही. तो मोजण्याची मागणी जळकोटहून निघाली, तर ती तितकीच न्याय्य ठरेल.