लिलाव झाला, थकबाकी फिटली. मग उरलेले पैसे कुणाचे?



धानाची मळणी आटोपली की वसुलीचा हंगाम सुरू होतो. घरपट्टी, पाणीपट्टी, सोसायटीचं कर्ज, सिंचनाची आकारणी, कुणाला रेती-मुरमाचा दंड. तहसीलच्या फलकावर जप्ती-लिलावाच्या नोटिसा लागतात. आपण नोटीस वाचतो, नाव बघतो, "अरेरे" म्हणतो आणि पुढे जातो. लिलावानंतर काय होते, ते कोणी विचारत नाही. आज त्यावरच लिहितो.

आपल्याकडे समज असा की, जमीन लिलावात गेली म्हणजे सगळं गेलं. हे चूक आहे. लिलाव थकबाकीपुरता असतो. समजा, १ लाख ४० हजारांची थकबाकी आहे, जमीन ६ लाखांत गेली आणि लिलावाचा खर्च १० हजार आला. मग साडेचार लाख उरले. हे पैसे सरकारचे नाहीत, बोली लावणाऱ्याचे नाहीत. ज्याची जमीन गेली, त्याचे आहेत.

हे मी मनाने सांगत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २१२ तेच सांगते. विक्री कायम झाली की आलेल्या रकमेतून आधी विक्रीचा खर्च, मग जमीन महसुलासारखी वसूल होणारी थकबाकी, आणि उरलेली रक्कम ज्याची मालमत्ता विकली त्याला द्यायची. पुढचं कलम २१३ आणखी कामाचं आहे. न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय ही शिल्लक दुसऱ्या सावकाराला, देणेकऱ्याला द्यायची नाही. म्हणजे "माझेही पैसे बाकी आहेत" म्हणत कोणी मध्ये उभा राहिला, तरी त्याला ते परस्पर मिळत नाहीत.

ग्रामपंचायतीच्या करासाठी आधी बिल, मग मागणीचा हुकूम, मग जंगम वस्तूंची जप्ती असा क्रम आहे. त्यातूनही वसुली झाली नाही तर प्रकरण महसूल खात्याकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. सहकारी संस्थेची वसुली वेगळ्या नियमाने चालते, पण तत्त्व तेच: घेणं असेल तेवढंच घ्या.

कायदा इतका सरळ आहे, तर अडते कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी.

पहिलं, आपल्या घरात. सातबारावर अजून आजोबाचंच नाव. वारसांचा फेरफार झालेला नाही. एक भाऊ नागपूरला, एक बहीण ब्रह्मपुरीला दिलेली. माझ्या ओळखीतल्या एका घरात लिलावानंतर चांगली रक्कम उरली होती. पण पाच वारसांनी एकत्र बसून एक कागद करायला दोन वर्षं लावली. ज्या पैशात मुलीचं शिक्षण झालं असतं, तो पैसा सरकारी खात्यात पडून राहिला.

दुसरं, कार्यालयात. तिथे पद्धत अशी की कोणी मागितलं तर बघू. मला हेच मान्य नाही. कलमात 'मागितल्यास द्यावी' असं नाही, 'द्यावी' असं आहे. अतिवृष्टीचं अनुदान द्यायचं असलं की याच यंत्रणेला आपला आधार नंबर सापडते, बँक खातं सापडते, यादीत विशिष्ट क्रमांकही पडते. मग लिलावाची शिल्लक द्यायलाच शेतकरी का सापडू नये? वसुलीची नोटीस घेऊन कोतवाल घरापर्यंत येते, तर शिल्लक रकमेचं पत्र घेऊनही त्यानं यावं.

अधिकाऱ्यांची अडचण मला समजते. वारसांत वाद असला तर कुणाला द्यायचे? एकाला दिले की दुसरा तक्रार करते. पण त्यावर उपाय आहे. ज्यांचे हिस्से स्पष्ट आहेत त्यांना त्यांचे द्या आणि वादातला हिस्सा वेगळा ठेवून तसं लेखी कळवा. वाद आहे म्हणून सगळ्यांचेच पैसे गोठवणं हा न्याय नाही.

काही जण म्हणतात, "थकबाकीदारच तो, त्याचं काय ऐकायचं?" अमेरिकेत मिनेसोटा राज्यात हाच प्रश्न उठला होता. जेराल्डिन टायलर या वृद्ध बाईंवर घराच्या कराची दंड-व्याजासह सुमारे १५ हजार डॉलर थकबाकी होती. काउंटीने घर ४० हजारांना विकलं आणि वरचे २५ हजारही ठेवून घेतले. मे २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बाईंच्या बाजूने निकाल दिला. थकबाकी वसूल करा, पण त्यावरची मालमत्ता फुकटात घेता येत नाही. तिथे त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आपल्या संहितेत ते १९६६ पासून लिहिलेलं आहे. आपल्याला फक्त ते वापरायचं आहे.

आपल्या राज्याचंही उदाहरण आहे. बोली लावणारा कोणी नसला की नाममात्र रकमेत सरकारच जमीन घेते. तिथे शिल्लक उरतच नाही, किरकोळ थकबाकीत अख्खी जमीन जाते. अशा आकारी पड जमिनी बाजारमूल्याच्या ठरावीक टक्के रक्कम भरून मूळ मालकाला किंवा वारसांना परत देण्यासाठी कलम २२० बदलण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये घेतला. थकबाकीपेक्षा जास्त घेतलं गेलं, हे यातून सरकारनेच मान्य केलं, असं मी समजतो.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीसाठी खास. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे लिलावानेही सहज जाऊ शकत नाही. कलम ३६-अ मध्ये न्यायालयाच्या किंवा प्राधिकरणाच्या आदेशाने होणारी विक्रीसुद्धा धरलेली आहे, त्याला वरची मंजुरी लागते. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाला जाते, पण विकता येत नाही. अशा जमिनीची लिलावाची नोटीस आली तर शिल्लक रकमेच्या आधी लिलावावरच लेखी हरकत घ्या.

ज्यांच्यावर वेळ आली आहे, त्यांनी एवढं करावं:

१) लिलाव झाल्यापासून ३० दिवस महत्त्वाचे. नोटिशीतली थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरून कलम २०६ खाली विक्री रद्द करण्याचा अर्ज करता येते.
२) विक्री कायम झाली असेल तर त्या आदेशाची नक्कल आणि जमा-खर्चाचा हिशेब लेखी मागा. दिला नाही तर माहिती अधिकारात मागा, १० रुपये लागतात.
३) वारसांचा फेरफार आधी करून घ्या. सातबारा, आठ-अ, पासबुक जोडून शिल्लक रकमेचा अर्ज द्या. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.
४) "पैसे काढून देतो, निम्मे माझे" म्हणणाऱ्याला हात जोडा. अर्ज एका पानाचा आहे.

आणि तहसील कार्यालयांकडे माझी एकच मागणी आहे. ज्या फलकावर लिलावाची नोटीस लावता, त्याच फलकावर लिलावानंतरचा हिशेबही लावा: किती आले, किती कापले, किती उरले, कुणाला दिले. चार ओळी लागतात. थकबाकीदाराचं नाव गावभर होते, तर त्याचं येणंही गावाला दिसू द्या.

तुमच्या गावात असं प्रकरण असेल तर ग्रामसभेत विषय काढा. पटवारी साहेबांना (आता ग्राम महसूल अधिकारी) सगळ्यांसमोर विचारा. भांडायचं नाही, फक्त हिशेब मागायचा.