शिर सलामत तर पगडी पचास!

१ जानेवारी २०१९ पासून पुणे शहरात हेल्मेटसक्तीची कठोर अंमलबजावणी सुरू झाली आणि लगोलग पुणेकरांचा एक वर्ग पगड्या घालून रस्त्यावर उतरला. ज्या शहरात १९०५ साली विदेशी कापडाची होळी पेटली, त्याच शहरात स्वतःची कवटी उघडी ठेवण्याच्या हक्कासाठी मोर्चे निघावेत, याला अस्मिता म्हणायचे की अविचार?

केंद्र सरकारच्या रस्ते अपघात अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मृत्युमुखी पडले. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. म्हणजे दररोज सुमारे १३७ चिता! हे सारेच वाचले असते असे नव्हे. परंतु योग्य हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार सांगितले आहे. त्या हिशेबाने किमान वीस हजार घरांचे दिवे विझले नसते.

विरोधकांचे युक्तिवाद ठरलेले आहेत. पहिला, शहरात वेग कसला? उभ्या गाडीवरून तोल गेला, तरी दीड मीटर उंचीवरून खाली येणारे डोके ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने डांबरावर आदळते. कवटीला तेवढे पुरे होते. हेल्मेटच्या आतील थर्मोकोलचा थर त्या क्षणी स्वतः चिरडतो आणि मेंदूला वाचवतो. दुसरा, ऐकू येत नाही, दिसत नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांचा घटनास्थळी जाऊन तपास केला. त्यांच्या १९८१ च्या अहवालात असा अडथळा आढळला नाही. तिसरा, डोके माझे, मर्जी माझी. डोके त्याचे खरे, पण अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाची शुश्रूषा आई करते, कर्जाचे हप्ते पत्नी फेडते आणि शिक्षण मुलांचे सुटते. ज्याचा भार कुटुंबाने वाहायचा, ती मर्जी एकट्याची कशी?

रस्त्यांवरील खड्डे, दंडाच्या नावाखाली होणारी अडवणूक, पदपथांवर विकली जाणारी तकलादू हेल्मेटे यांविषयीचा संताप मात्र रास्त आहे. त्यासाठी महापालिकेला अवश्य जाब विचारावा. पण रस्ता खराब आहे म्हणून डोके उघडे ठेवणे म्हणजे शत्रू प्रबळ आहे म्हणून ढाल टाकून देणे होय.

आणि पगडीचाच अभिमान असेल, तर १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगड आठवावा. अफझलखानाच्या भेटीला निघालेल्या शिवछत्रपतींनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोप धारण केल्याचे वर्णन बखरींत येते. महाराजांच्या शौर्याला त्या टोपामुळे उणेपणा आला काय? सावधपणा हा शौर्याचा शत्रू नसून सोबती आहे, हेच त्या प्रसंगाचे सार आहे.

मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चालकाइतकेच मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. तरीही आपल्याकडचे चित्र काय? हेल्मेट कोपराला लटकलेले, मागे उघड्या डोक्याची पत्नी, पुढे टाकीवर बसवलेले लेकरू! चौकात पोलीस दिसताच हेल्मेट डोक्यावर चढते, चौक ओलांडला की पुन्हा कोपरावर येते. यमदूत काय फक्त चौकातच उभा असतो?

आयएसआय चिन्हाचे, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घ्यावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधावा. एकदा आघात सोसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. लांबच्या प्रवासात जाड जॅकेट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट असावेत, कारण घसरणाऱ्या देहाची कातडी डांबर क्षणार्धात सोलून काढते. अपघातातून उठून घरी परतलेल्यांना हे पटवून द्यावे लागत नाही. जे परतले नाहीत, त्यांच्या घरच्यांना ते उशिरा पटते.

सणासुदीला पगडी अवश्य मिरवावी. पण त्यासाठी आधी शिर शाबूत हवे!