मैदानावरचा नवा दस्तूर

डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर २०११ सालच्या ऑगस्टात गेलिक फुटबॉलच्या अखिल-आयर्लंड स्पर्धेचा जो उपांत्य सामना झाला, त्यात डब्लिनने डोनेगालला अवघ्या आठ विरुद्ध सहा गुणांनी हरवले, आणि डोनेगालचे बहुतेक सारे गडी आपल्याच गोलासमोर ठाण मांडून बसलेले पाहून या खेळाचे निष्ठावंतही विटून गेले. २०२५च्या जुलैत त्याच मैदानावर, तेव्हाचेच प्रशिक्षक जिम मॅकगिनेस यांच्या तालमीतल्या डोनेगालला केरीने अंतिम सामन्यात २९ विरुद्ध १९ गुणांनी पराभूत केले. गुरू तोच, मैदान तेच. बदलला होता तो कायदा.

या बदलाचे श्रेय जिम गॅविन यांच्या समितीकडे जाते. २०१५ ते २०१९ या सलग पाच वर्षांत डब्लिनला अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या या गृहस्थांकडे गेलिक अॅथलेटिक असोसिएशनचे अध्यक्ष जार्लथ बर्न्स यांनी २०२४च्या प्रारंभी खेळाच्या दुरुस्तीचे काम सोपवले. समितीचा मसुदा ऑक्टोबरात प्रांतिक सामन्यांत पारखला गेला आणि नोव्हेंबरच्या विशेष अधिवेशनाने तो एका हंगामापुरता मंजूर केला.

संघटनेने याआधीही प्रयोग केले होते. हाताने चेंडू सरकवण्याचा अतिरेक रोखण्यासाठी लागोपाठ तीनच हातपासांची मर्यादा घालणारे फर्मान २०१९च्या लीगपूर्व सामन्यांत लागू झाले आणि लीग सुरू होण्याआधीच मागे घ्यावे लागले. निव्वळ मनाई केली की खेळाडू पळवाट शोधतो. उलट, ज्या कृतीची आपणांस अपेक्षा आहे तिचे मोल वाढवले, तर प्रशिक्षकाची हिशेबी बुद्धीच आपल्या कामी येते, हे मर्म गॅविन समितीने ओळखले. प्रत्येक संघाने किमान तीन गडी मैदानाच्या दोन्ही अर्ध्यांत ठेवण्याची सक्ती तिने केलीच. परंतु गोलासमोर आखलेल्या चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून आडव्या दांडीवरून मारलेल्या किकला एकाऐवजी दोन गुण देऊन तिने गोलासमोर गर्दी करणाऱ्या संघाला त्या गर्दीची किंमत मोजायला लावले. गोलरक्षकाची किक कमानीपलीकडे जाणे बंधनकारक झाल्याने मध्यमैदानात उंच झेप घेऊन चेंडू पकडण्याची जुनी विद्याही पुन्हा उपयोगी पडू लागली.

आम्हांला सर्वांत गंमत वाटते ती एका किरकोळ भासणाऱ्या कलमाची. फाउल होताच दोषी संघातल्या ज्याच्या हाती चेंडू असेल त्याने तो प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करायचा. फेकून दिला किंवा पंचाशी हुज्जत घातली, तर फ्री किक पन्नास मीटर पुढे सरकते. ज्या मैदानावर चेंडू लाथाडून वेळ काढणे ही एक मान्यताप्राप्त कला होती, तेथे आता धिप्पाड बचावपटू मुकाट्याने चेंडू आणून देतात!

तथापि दोन गुणांच्या कलमाविषयी आमचे समाधान पुरते झालेले नाही. आयर्लंडच्या वाऱ्यात पाठीशी वारा असलेल्या संघाला ते फाजील लाभ देते, आणि तीन गुणांच्या गोलाची प्रतिष्ठाही त्याने थोडी उणी होते. गोलाला चार गुण देण्याची तजवीज प्रांतिक सामन्यांतच आजमावून सोडून देण्यात आली होती. लीग चालू असतानाच काही कलमे दुरुस्त करण्याचा जो मोकळेपणा समितीने दाखवला, तो २०२५च्या ऑक्टोबरात नियम कायम झाल्यावरही संघटनेने गमावू नये, आणि दोन गुणांच्या कलमाची फेरतपासणी निदान दर हंगामाअखेर करावी.