तेल कधी बदलावे? रंगाला विचारू नका!

गॅरेजवाला मोटारीचे बॉनेट उघडतो, ऑइलची पट्टी बाहेर काढतो, बोटाला लागलेले तेल दाखवतो आणि म्हणतो, "साहेब, ऑइल काळं पडलंय, बदलायला झालं!" घरातील मोठी माणसे लगेच मान डोलावतात. माझे म्हणणे असे, की तुम्ही डोलावू नये.

तेल काळे का पडते ते आधी पाहू. इंजिनात इंधन जळताना काजळीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. त्यांतील काही पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली तेलात उतरतात. या कणांचा गाळ साचू नये म्हणून तेलात खास रसायने मिसळलेली असतात. ती कणांना सुटेसुटे ठेवतात, तेलातच तरंगत ठेवतात. म्हणजे तेल काळे झाले याचा अर्थ ते आपले काम करीत आहे! डिझेल इंजिनात तर नवे तेल थोड्याच दिवसांत काळे होते. उलट, ही रसायने संपत आली तरी ते डोळ्यांना दिसत नाही. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर मात्र त्यात पाणी शिरले असे समजावे. एरवी ती पट्टी असते तेलाची पातळी पाहण्यासाठी, रंग पाहण्यासाठी नव्हे.

मग किलोमीटर मोजावेत का? जरूर मोजावेत, पण तो आकडा चाकांच्या फेऱ्यांवरून येतो, इंजिनाच्या नव्हे. एक हिशेब करा. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर ताशी ६० कि.मी. वेगाने जाणाऱ्या गाडीचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेते असे धरू. एका कि.मी.ला एक मिनिट, म्हणजे २,००० फेरे. तीच गाडी शहराच्या गर्दीत ताशी १५ कि.मी. वेगाने चालली आणि इंजिनाने मिनिटाला सरासरी १,२०० फेरे घेतले, तर एका कि.मी.ला ४ मिनिटे, म्हणजे ४,८०० फेरे! अंतर तेच, पण तेलाचे कष्ट दुपटीहून अधिक.

त्यातही रोज दोन-तीन कि.मी. जाऊन बंद होणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळीच. तिचे तेल पुरते तापतच नाही. ज्वलनातून निघालेली वाफ थंड भागांवर पाणी होऊन तेलात मिसळते, न जळलेले पेट्रोलही त्यात उतरते. लांबच्या प्रवासात ही दोन्ही बऱ्याच अंशी उडून जातात. जवळच्या फेऱ्यांत साठत राहतात. "आमची गाडी फारशी चालतच नाही" असे सांगणाऱ्याने म्हणूनच महिनेही मोजले पाहिजेत.

याच विचारातून १९८० च्या दशकात जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीत एक पद्धत तयार झाली. शर्ली श्वार्ट्झ या रसायनशास्त्रज्ञ बाईंचा तीत मोठा वाटा होता. गाडीतला संगणक इंजिनाचे फेरे मोजतो, तापमान ध्यानात घेतो आणि तेलाचे आयुष्य किती उरले ते सांगतो. गंमत अशी, की तेल तो तपासतच नाही!

आपल्याकडील अनेक पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत १०,००० कि.मी. किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी मुदत असते. धूळ, गर्दी, जवळच्या फेऱ्या असतील तर याहून लवकर, असेही तेथेच छापलेले असते. ते पान कोण उलटतो? आपल्या शहरांतील पुष्कळशा गाड्या याच वर्गात मोडतील असे मला वाटते. तुमच्या घरच्या गाडीची पुस्तिका काढून पाहा.

पण "लवकर बदलले तर बिघडले कुठे?" हा युक्तिवाद मला पटत नाही. एका वेळी तीन-चार लिटर तेल निघते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. ते गटारातून ओढ्यात गेले, की पाण्यावर तवंग पसरतो आणि हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळेनासा होतो. हेच तेल शुद्ध करून त्याचे पुन्हा वंगण बनवता येते. तेव्हा पुढच्या वेळी वडिलांबरोबर गॅरेजमध्ये गेलात, की काढलेले तेल कोठे जाते, तेवढे विचारून या.